सहावा तुकडा

विमलताई, लिहिलं गं मी. चुकांच्या रजिस्टरमध्ये, माझ्या हाताने, माझ्या नावानिशी. तू गेल्यावर सहाव्या दिवशी. तू चार महिने मागे लागली होतीस तेव्हा लिहिलं नाही, आणि आता वाचायला तू नाहीस तेव्हा लिहिलं. याबद्दल तू मला चांगलंच सुनावलं असतंस. ते ऐकायला मिळावं म्हणून आज मी काहीही द्यायला तयार आहे.

लॅबमधले सगळे म्हणतात, "सुनीता, कुछ दिन छुट्टी ले लो." मी घेत नाही. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये दिवसभर भिंतींकडे बघत बसून काय करू? ह्यांना ठाऊक नाही, मुलीला ठाऊक नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की आईची मैत्रीण गेली म्हणून आई जेवत नाही. निदान लॅबमध्ये हात तरी चालू राहतात. पण तुकड्यांची कॅसेट उघडली की दर वेळी मी मोजते. एकदा मोजते, पुन्हा मोजते, तिसऱ्यांदा मोजते. काम साचतं. कोणी काही बोलत नाही, आणि त्यांच्या न बोलण्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा पहिला दिवस तुला आठवत होता. दर वर्षी नव्या मुलींना तू तो रंगवून सांगायचीस. लग्न होऊन साताऱ्याहून दिल्लीत आलेली मी, हिंदी येतं असं सांगून नोकरी मिळवलेली, आणि गरम मेण बोटावर सांडल्यावर तोंडातून निघालं, "आई गं!" हॉलच्या त्या टोकाकडून तुझा आवाज आला, "कोण आहे गं? कुठली तू?" तू नागपूरची. तुझं ते "काय करून राहिली" ऐकून मला हसू आलं, तर तू म्हणालीस, "हसून नको राहू, मेण थंड होऊन राहिलं." अख्ख्या लॅबमध्ये मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच होतो. चौदा वर्षं आपण दोघी जुन्या स्लाइडींच्या खोलीत डबा खात होतो. पहिले काही महिने मी तुला ताई म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. एकदा तू चिडलीस, "ताई म्हणते आणि तुम्ही-तुम्ही काय करते? घरी बहिणीला तुम्ही म्हणते का?" तेव्हापासून तू.

मला जे येतं ते सगळं तू शिकवलंस. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत आपल्या खिडकीवर येतो, तेव्हा बाटलीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव एकेक अक्षर जुळवून बघायचं. तुकडा ठेवायच्या जाळीच्या डबीवर, म्हणजे कॅसेटवर, नंबर पेन्सिलनेच टाकायचा, कारण शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि मग तो तुकडा कोणाचा हे देवालाही सांगता येत नाही. रात्रभर मशीनमध्ये तुकड्यातलं पाणी जाऊन मेण भरतं. सकाळी आपण तो मेणाच्या साच्यात बसवतो, त्याचा ब्लॉक होतो, ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप निघतात. काप कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि स्लाइडवर उचलायचे. एक ब्लॉक झाला की पाण्यावरून कागद फिरवायचा, नाहीतर एकाचा कण दुसऱ्याच्या स्लाइडवर जातो आणि धडधाकट माणसाला कॅन्सर निघतो. सकाळी आधी नमुन्याची स्लाइड रंगवायची. तिच्यात पेशींची केंद्रं निळी आणि बाकी सगळं गुलाबी नीट उठलं, तरच पेशंटच्या स्लाइडी रंगात घालायच्या.

आणि मोजायचं. पोटातल्या बायोप्सीचे तुकडे मोहरीएवढे असतात, काही तर खसखशीएवढे. ते कागदाच्या घडीत बांधून कॅसेटमध्ये ठेवतात. डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये लिहिलेला आकडा आधी वाचायचा, मग घडी उघडायची, मग तोंडाने मोजायचं. "मनात नाही, तोंडानं," तू म्हणायचीस. "मनातला आकडा पाहिजे तसा फिरवता येतो." आकडा जुळला नाही तर हात थांबवायचा. घडीचे कोपरे बघायचे, कॅसेटचं झाकण, चिमटा, टेबल, सगळं बघायचं. तरीही सापडला नाही तर डॉक्टरांना सांगायचं आणि चुकांच्या रजिस्टरमध्ये लिहायचं.

मी तुझ्याशी यावरून किती वेळा भांडले. "यार ताई, दिवसाला इतक्या केसेस, एवढं सगळं करत बसलं तर रिपोर्ट जाणार कधी?" तू म्हणायचीस, "उशिरा जाऊ दे. उशीर झाला तर पेशंट शिव्या देतो. चूक झाली तर त्याला कळतही नाही." मी म्हणायचे, लोक तुला हसतात. तू म्हणायचीस, हसू दे. सगळ्यांच्या देखत तुला हसलं गेलं तो दिवस मला आठवतो. स्तनाच्या गाठीची बाटली आली होती. बाटलीवर उजवी, फॉर्मवर डावी. तू घेतली नाहीस. सर्जन स्वतः खाली आला आणि खिडकीवर ओरडायला लागला, "नाम तो एक ही है ना मैडम? टाइम क्यों वेस्ट कर रही हैं?" तू उठलीसही नाहीस. म्हणालीस, "सर, लेफ्ट या राइट, आप लिखकर साइन कर दीजिए. फिर मैं ले लूँगी." तो पाय आपटत गेला, फाईल काढली, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. फॉर्म चुकीचा होता. त्याने मुकाट्याने सही केली. तू थँक्यू म्हणालीस आणि पुढची बाटली उचललीस. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी आयुष्यात कधी अशी होऊ शकले तर!

झाले नाही.

तुझं पोट जळजळायला लागलं तेव्हा तू आणि भाऊजी आर. के. पुरम सोडून गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये गेला होतात. तू म्हणायचीस, मेट्रोच्या धक्क्यांनी ॲसिडिटी होते. गोळ्या खात राहिलीस. मीच ओढत तुला एंडोस्कोपीला नेलं. बायोप्सी आपल्याच लॅबमध्ये आली. तुझी कॅसेट. रजिस्टरमध्ये ज्युनियर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, सहा तुकडे.

त्या सकाळी तू माझ्यामागे स्टुलावर बसली होतीस. आपलाच नमुना आहे म्हणून त्याला हात लावायचा नाही, हा तुझाच नियम. मेणाच्या मशीनचा हीटर बिघडलेला होता, मेण पटापट गोठत होतं. मी तुझी घडी उघडली. पाच होते. मी मनात मोजले, ताई. तोंडाने नाही. तू मागे बसली होतीस, तुझ्यासमोर "पाच" म्हणण्याची हिंमत झाली नाही. तू विचारलंस, "झालं का?" आणि मी म्हणाले, "झालंच." मला घाई होती ती तुझ्यासाठीच. दुपारपर्यंत रिपोर्ट यावा, तुझ्या जिवाला लागलेला घोर मिटावा. मी स्वतःला सांगितलं, डॉक्टर नवीन आहेत, त्यांनी चिकट स्रावाचा गोळाही तुकडा म्हणून मोजला असेल. किंवा एखादा मशीनमध्ये विरघळला असेल. असं होतं कधीकधी. मी घडीचा कागद चुरगाळला आणि डब्यात टाकला. त्या कागदाचे कोपरे मी बघितले नाहीत.

रिपोर्ट चांगला आला. जठराला सूज, बाकी काही नाही. तू सगळ्या लॅबला सामोसे खायला घातलेस आणि स्वतः अर्धाच खाल्लास. मी तो कागद विसरले. खरंच विसरले.

चार महिन्यांनी तुझे ब्लाउज ढिले व्हायला लागले. दुसरी एंडोस्कोपी बाहेर झाली, आणि त्यात कॅन्सर निघाला. तोवर तो लिव्हरपर्यंत गेलेला होता. होळी नुकतीच होऊन गेली होती. आपल्या मॅडमनी, म्हणजे डिपार्टमेंटच्या प्रमुखांनी, तुझ्या जुन्या स्लाइडी पुन्हा काढून पाहिल्या. त्यांत काही नव्हतं. त्या म्हणाल्या, तेव्हा त्या जागेवरून तुकडा आला नसेल.

तुझी रजा सुरू झाली होती, तरी तू एक दिवस आलीस. सरळ ब्लॉकांच्या खोलीत गेलीस. मी मागोमाग आले. तू तुझा ब्लॉक शोधून काढलास, खिडकीपाशी उजेडात धरलास आणि त्यातले तुकडे मोजलेस. तोंडाने. "एक, दोन, तीन, चार, पाच." मग रजिस्टर उघडलंस. बराच वेळ त्या एका ओळीवर तुझं बोट होतं. शेजारच्या रकान्यात माझी सही होती.

"सुनी, हे तू केलं?"

"हो."

"पाच होते तेव्हा?"

"हो."

"माहीत होतं तुला?"

मी मानेनेच हो म्हटलं. तू खुर्चीत बसलीस. मला वाटलं तू रडशील, ओरडशील. तू विचारलंस, "बोलली का नाहीस?"

"तुझा रिपोर्ट लवकर यावा म्हणून. ताई, तू मागे बसली होतीस..."

"मी बसली होती म्हणून तर थांबायला पाहिजे होतं." मग तूच मान हलवलीस. "नाही. तसंही नाही. कोणीही असतं तरी थांबायला पाहिजे होतं."

मी तुझे पाय धरले. तू पाय मागे घेतलेस. "हे नाटक नको. चुकांच्या रजिस्टरमध्ये लिही."

"पुढच्या आठवड्यात तपासणीची टीम येतेय, ताई. मॅडमना काय वाटेल? मला मेमो मिळेल."

"मिळू दे. मी पण लिहू शकते, सुनी. पण मी लिहिलं तर ती तक्रार होते. तू लिहिलं तर ती नोंद होते. पुढच्या मुलीला कळेल असं काय काय होऊ शकते ते."

मी हो म्हणाले. नाही लिहिलं. टीम आली, सगळं व्यवस्थित म्हणून गेली. मेमोची भीती खोटी होती, ताई. खरी भीती वेगळीच होती. शाईने लिहिलं की ते घडलं असं झालं असतं. तोवर मी रात्रंदिवस स्वतःला समजावू शकत होते की तो सहावा तुकडा नव्हताच.

तुझ्या केमोला मी दर वेळी येत होते. तू हळूच विचारायचीस, "लिहिलं?" मी म्हणायचे, या आठवड्यात नक्की. एकदा तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोपलीस. तशातच म्हणालीस, "तुला शिक्षा व्हावी म्हणून नाही सांगून राहिली मी." मी तुझा हात धरला. सुईने काळानिळा झालेला हात. तरीही लिहिलं नाही. कशी माणूस आहे गं मी?

मग तू विचारणं बंद केलंस. तू जाण्याआधी तीन दिवस मी गाझियाबादला आले होते. भाऊजींनी दार उघडलं. तू त्यांना माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलंस. तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मला तोंडाजवळ कान न्यावा लागला. मला वाटलं, आता विचारशील. त्या दिवशी मी खरंच ठरवून आले होते, विचारलंस तर तिथूनच मॅडमना फोन लावायचा. तू विचारलंस, "नवीन गुलाबी रंग स्लाइडींवर अजून जास्तच चढतो का?" मी म्हणाले, "थोडा." तू म्हणालीस, "वेळ कमी करून बघा." बस. तू माझी आशाच सोडली होतीस का, ताई? की मला मोकळं केलं होतंस? या दोन्हींत किती अंतर आहे, आणि मला ते कधीच कळणार नाही.

तू गेल्यावर सहाव्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि लिहिलं. तारीख, नंबर, सहापैकी पाच मिळाले, शोध घेतला नाही, कळवलं नाही. सही. मग रजिस्टर घेऊन मॅडमच्या खोलीबाहेर उभी राहिले.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला. "ये विमल का केस है?"

"जी."

"विमल को पता था?"

"जी, मॅडम."

त्यांनी पहिलं काम कुठलं केलं माहीत आहे? तू केलं असतंस तेच. ब्लॉक मागवला. म्हणाल्या, जे पाच आहेत ते शेवटपर्यंत कापा, खोल कुठे काही दडलेलं असेल तर दिसेल. मी म्हणाले, मी कापते. त्या म्हणाल्या, नाही, तुम्ही शेजारी उभ्या राहा. दुसऱ्या मुलीने कापलं. यंत्राचं चाक फिरत होतं, मेणाची पट्टी सुटत होती, आणि मी शेजारी उभी राहून प्रार्थना करत होते. इतकी वर्षं या कामात आहे, पहिल्यांदा मी स्लाइडमध्ये कॅन्सर निघावा म्हणून देवाला हात जोडले. तुझ्या त्या पाचांत तो कुठेतरी असावा. म्हणजे तो हुकला ते सहाव्या तुकड्यामुळे नाही, असं मला म्हणता आलं असतं. मी तुझ्यासाठी मागत नव्हते, माझ्यासाठी मागत होते. हेही तुला सांगून टाकते.

नव्हता. तुकडे संपून नुसतं मेण लागेपर्यंत कापलं. मॅडमनी एकेक स्लाइड पाहिली आणि डोकं वर केलं. "सुनीता, छठे में होता ही, ऐसा नहीं कह सकते. नहीं होता, ये भी नहीं कह सकते. चार महीने पहले पता चलता तो भी क्या होता, कौन जाने." त्यांनी हे मला धीर द्यायला सांगितलं. ताई, मेमोचं काही वाटलं नाही. मेमो मिळाला, मी घेतला, सही केली. एम्बेडिंगला, म्हणजे तुकडे मेणात बसवताना, आता दोघींनी मोजायचं आणि दोघींनी सही करायची असा नियम झाला. पण ते "कौन जाने" माझ्या उशाशी बसलं आहे. तू दोषी आहेस, असं कोणी ठणकावून सांगितलं असतं तर मी कोसळले असते आणि कधीतरी उठले असते. हे असं अधांतरी किती दिवस राहायचं?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तुझ्या घरी मागच्या रांगेत बसले होते. भंतेजी बोलत होते. भाऊजी माझ्याकडे पाहून हात जोडत होते, लोकांना सांगत होते, "ही सुनीता. हिनं फार केलं विमलचं." मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. सगळं माहीत असून चारचौघांत असं बोलतो. म्हणून काल रविवारी मी एकटी पुन्हा गेले. त्यांना सांगायचं होतं, की उशिरा का होईना, तुझं ऐकलं.

भाऊजींनी पाणी दिलं. मी म्हणाले, "भाऊजी, मी रजिस्टरमध्ये लिहिलं. मॅडमना सगळं सांगितलं."

"काय लिहिलं?"

"ते... सहाव्या तुकड्याचं."

"कोणता तुकडा?"

ताई, मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना काही माहीत नव्हतं. तू सांगितलंच नव्हतंस.

मी गप्प बसू शकले असते. काहीतरी ऑफिसचं आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण वेळ मारून नेण्याचं काय होतं ते मी पाहिलं होतं. मी सांगितलं. घडी, पाच तुकडे, चुरगाळलेला कागद, ब्लॉकांची खोली, सगळं. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "विमलला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"होळीनंतर कळलं तिला."

"म्हणजे तू येत होती, अन् ती मला सांगत होती, सुनीला भरीत आवडते, वांगी आणा..." ते थांबले. "तेव्हाही माहीत होतं?"

"हो, भाऊजी."

मला वाटलं ते हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "छत्तीस वर्षं झाली लग्नाला. मला नाही सांगितलं तिनं." मग म्हणाले, "तू आता जा. दार ओढून घे."

मी दार ओढून घेतलं. जिना उतरताना मला कळलं. तू त्यांच्यापासून ते लपवलंस, ते मला वाचवायला. कळलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं, कोर्टात ओढलं असतं, आणि तुझ्या शेवटच्या दिवसांत मला तुझ्यापाशी बसता आलं नसतं. ते बसणं तू मला दिलंस. आणि मी जाऊन त्यांना एक नवीन दुःख देऊन आले. तू गेलीस हे एक होतंच. आता तू त्यांना सांगितलं नाहीस, हे दुसरं. पहिल्याबद्दल "कौन जाने" म्हणता येतं. दुसरं मात्र पुरतं माझं आहे.

पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. ते दार उघडतील असं वाटत नाही. नाही उघडलं तर जिन्यात बसेन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. मला माफ करा असं मी त्यांना म्हणणार नाही. त्यांना एवढंच सांगायचं आहे, की विमलताईने लपवलं ते मला वाचवायला, ती तुम्हाला परकं समजत नव्हती, भाऊजी. हे त्यांना सांगणारं आता माझ्याशिवाय जगात कोणी उरलेलं नाही.